बिट्टीला काय ऐकू आलं

हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी तिथे होतो, माझी वहिनी होती. पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. मलाही सोडून देता आलं असतं तर बरं झालं असतं.

रात्र वगैरे काही नव्हती. शनिवारची दुपार. बाहेर लख्ख ऊन.

वहिनी कानांच्या तपासण्या करतात. दवाखाना दोनच खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत टेबल आणि कॉम्प्युटर. आतली खोली म्हणजे बूथ. भिंतींना जाड फोम, दार फ्रिजसारखं जड, मध्ये काचेची खिडकी. दार लागलं की आत इतकी शांतता होते, की आपलं गिळणंसुद्धा आपल्याला ऐकू येतं. पेशंट आत हेडफोन लावून बसतो. वहिनी बाहेरून बारीक-मोठे आवाज सोडतात.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा हक्काचा मेकॅनिक.

"भाऊजी, तपासणी चालू असताना मध्येच आवाज जातो हो," वहिनी म्हणाल्या होत्या. "पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसतं. आत पेशंट आपला नुसता बसून."

कॉम्प्युटर नवा होता. पण हेडफोनपर्यंत आवाज पोचवायचा तो एक छोटा डबा, जुना. दोघांचं पटत नव्हतं. नवा कॉम्प्युटर वीज वाचवण्यात भलताच तत्पर. जरा वेळ आवाज सोडला नाही की तो डब्याची वीज तोडायचा, त्याला झोपवायचा. आणि हा जुना डबा एकदा झोपला की उठायचं नावच घ्यायचा नाही.

असा माझा अंदाज होता. खात्री करायला मी टेबलाखाली मांडी घालून बसलो. डब्यावर एक हिरवा दिवा होता. तो कधी विझतो, तेवढंच बघायचं होतं.

तेवढ्यात बिट्टी आली.

सात वर्षांची असेल. सोबत तिचे वडील. काचा बसवायचं काम करायचे ते, हातभर बारीक कापल्याच्या खुणा. बिट्टीला जन्मापासून काहीच ऐकू येत नव्हतं. कानाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधीची ही शेवटची तपासणी. थोडं जरी ऐकू येतंय असं निघालं, तर डॉक्टर ऑपरेशन थांबवणार होते.

"हिला बिट्टी म्हणतो आम्ही," वडील मला म्हणाले. "म्हणजे हाक मारायला नाही. आपलं आपल्यासाठी."

वहिनींनी तिला आत बसवलं. मांडीवर ठोकळे दिले, समोर प्लॅस्टिकची टोपली ठेवली. लहान मुलांची तपासणी अशीच करतात. आवाज आला की एक ठोकळा टोपलीत टाकायचा. बिट्टीला हा खेळ पाठ होता. आधी कितीदा तरी ती इथे बसून गेली होती, आणि दर वेळी सगळे ठोकळे तिच्या मांडीवरच राहिले होते.

दार लागलं. वडील काचेला नाक लावून उभे राहिले.

वहिनींनी आवाज सोडायला सुरुवात केली. बिट्टी पाय हलवत बसली होती. आणखी मोठा आवाज. काही नाही.

वहिनी काहीतरी लिहायला थांबल्या.

माझ्यासमोर... हिरवा दिवा विझला.

"वहिनी, झोपला बघा डबा," मी खालून म्हणालो. "आता काहीही सोडलंत तरी आत जाणार नाही."

त्या काही बोलणार, एवढ्यात टेबलावरच्या स्पीकरमधून आवाज आला. बूथमधला माइक त्या स्पीकरला जोडलेला होता. त्याची वायर वेगळी, विजेची सोय वेगळी.

टप...

मी टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. टोपलीत एक ठोकळा पडला होता.

"मुलं टाकतात असं मध्येच," वहिनी म्हणाल्या. "कंटाळतात."

टप...

बिट्टीने पाय हलवायचं थांबवलं होतं. पाठ ताठ. मान जराशी कललेली, डावीकडे. आपण फोनवर बोलणाऱ्याचं ऐकताना कलवतो, तशी.

टप...

"ऐकू येतंय तिला," वडील म्हणाले. एकदम हळू म्हणाले, मोठ्याने बोललं तर मोडेल असं काहीतरी असल्यासारखं. "मॅडम, ऐकू येतंय ना तिला?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्या कुठलंच बटण दाबत नव्हत्या.

मी डब्याची वायर उपटली. हेडफोनची पिनसुद्धा काढली. आता त्या हेडफोनचं टोक माझ्या हातात लोंबत होतं, कशालाही न जोडलेलं.

आत शांतता.

मी श्वास सोडला.

टप...

बिट्टी आता खोलीच्या कोपऱ्याकडे बघत होती. एक ठोकळा हातात धरून ती थांबायची. वाट बघायची. मग मान हलवायची आणि टाकायची. कुणीतरी बोलतंय, आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत आपण मध्ये बोलायचं नाही, असं काहीतरी.

कोपऱ्यात फोम होता. बाकी काही नाही.

वहिनींनी उठून दार उघडलं. मी त्यांच्या मागे. बिट्टीने आमच्याकडे पाहिलंच नाही. वहिनींनी हेडफोनला हात लावला, तशी तिने दोन्ही हातांनी ते कानांवर गच्च दाबून धरले.

आणि तिचे ओठ हलायला लागले.

आवाज नव्हता. नुसते ओठ. उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. बिट्टी आयुष्यात एक शब्द बोललेली नव्हती. कुणाचं तरी बोलणं ती आपल्या ओठांवर जुळवून बघत होती.

वहिनींनी हेडफोन काढून घेतले. बिट्टी क्षणभर तशीच बसली. मग नेहमीसारखे पाय हलवायला लागली.

मी का तसं केलं, मला आजही सांगता येणार नाही. मी हेडफोन माझ्या कानाला लावले.

काहीच नव्हतं आत. साधी घरघरसुद्धा नाही. पण ती शांतता बरोबर नव्हती. तुम्ही खोलीत शिरता आणि आत चाललेलं बोलणं तुमच्यामुळे थांबतं... तशी शांतता होती ती. मी ऐकत होतो. आणि पलीकडे कुणीतरी, मी जायची वाट बघत होतं.

मी हेडफोन खाली ठेवले.

बाहेर येऊन वहिनींनी वडिलांना खुर्चीत बसवलं. "मला हे रिपोर्टमध्ये लिहिता येणार नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र बंद होतं. तिच्या कानात आम्ही काहीच सोडत नव्हतो."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, मॅडम."

"मीही बघितलं. म्हणूनच सांगते. तुम्ही ऑपरेशन थांबवू नका."

"सात वर्षं वाट बघितली," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाजात राग होता. "आज पोरगी ऐकतेय. तुमचं यंत्र चालू का बंद, त्याच्याशी मला काय करायचंय?"

ते बिट्टीचा हात धरून निघून गेले. जाताना बिट्टीने दारातून एकदा मागे वळून पाहिलं. आमच्याकडे नाही. बूथकडे.

त्याच संध्याकाळी मी कॉम्प्युटरची वीज वाचवायची सोय बंद करून टाकली. दिवा आता विझत नाही. आवाज मध्येच जात नाही. वहिनींची काही तक्रार नाही. हेडफोन मात्र त्यांनी नवे घेतले. जुने कुठे टाकले, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

महिनाभराने बिट्टीच्या वडिलांचा मला फोन आला, वहिनींकडून नंबर घेऊन.

"तुम्ही त्या दिवशी होतात ना तिथे? म्हणून तुम्हाला करतोय," ते म्हणाले. आवाज पार उतरलेला होता. "ती घरी पण ऐकते हो."

"काय ऐकते?"

"आम्ही हाका मारतो, ते नाही ऐकत. ताट पाडलं तरी वळत नाही. पण जेवता जेवता थांबते. मान कलवते. आणि मग नाही म्हणते. अशी मान हलवून, नाही, नाही. कुणी काहीतरी मागतंय आणि ती देत नाहीये, असं. आठ-दहा दिवस हेच चाललं होतं. तिची आई तिच्याजवळून हलत नाही आता."

"आणि आता?"

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"काल दुपारी हो म्हणाली."

"खुणेने विचारा ना तिला," मी म्हणालो. "कोण बोलतं, कशाला हो म्हणालीस..."

"विचारलं."

"मग?"

"तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा म्हणून. बापाला."

पुढे ते काही बोलले नाहीत. मागे घरात कुणी हलत नव्हतं, भांड्याचा आवाज नव्हता, काही नव्हतं. मी फोन कानाला धरून उभा होतो... आणि ती शांतता माझ्या ओळखीची होती.

मी फोन ठेवून दिला. ते लाइनवर असतानाच.