दसऱ्याच्या पूजेतला कॉम्प्युटर

जामसांवलीच्या फाट्यावर बस थांबली, तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी होती. कपाळावर मारुतीचा शेंदूर, हातात पुठ्ठ्याचा खोका, असा एक उंच तरुण चढला आणि खोका सीटवर ठेवून स्वतः दांडा धरून उभा राहिला!

"अहो भाऊ," मी म्हटलं, "सीट माणसासाठी राहते."

"मी उभा राहीन जी. त्याले धक्का नाही चालत."

"त्याचं तिकीट काढलं का?"

"काढतो. मग त्याले खिडकी द्यान का?"

मागच्या बायका फिसकन हसल्या. मी हसू दाबून बाहेरचा कापूस पाहत बसले. शेवटी तो बसला. खोका मांडीवर, वरून दोन्ही हात, तान्हं मूल न्यावं तसा. पांढुर्ण्यापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पण प्रत्येक गचक्याला तो खोक्याकडे पाहायचा, आणि मी... त्याच्या हातांकडे.

ऑफिसात येऊन मशीनवरचं कापड काढते, तर दारात तोच.

"संत्रा बागायतदार सोसायटी हीच ना? मी शालिकराम. नागपूरहून आलो, कॉम्प्युटरसाठी."

"शालिकराम?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "कॉम्प्युटरवाल्याचं नाव असं राहते?"

"आजीनं ठेवलं. तिले कुठं माहीत होतं, मी असे उद्योग करीन म्हणून. तुमचं?"

"विजयमाला."

"मग तुमचंही काही आजचं नाही," तो म्हणाला आणि खोका टेबलावर ठेवला. त्यात फ्लॉप्या होत्या.

आमच्या सोसायटीने कॉम्प्युटर घेतला, तो अठ्ठ्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या आधी. सभासदांची नावं, कोणाच्या बागेत किती झाडं, कोणाचा किती माल, सगळं त्यात साठवायचं होतं. त्यासाठीचा डेटाबेसचा प्रोग्राम मात्र मशीनमध्ये घातलेला नव्हता. मी नागपूरला मावशीकडे राहून हेच काम शिकून आले होते, म्हणून मला तात्पुरती घेतली होती. कमिटीने साफ सांगितलं होतं, शनिवारपर्यंत चाललं तर ठीक, नाही तर मशीन परत. मशीन परत म्हणजे मीही सौंसरला घरी परत. बाबांनी वर्ध्याकडचं एक स्थळ या नोकरीच्या नावावरच थांबवून धरलं होतं. आणि आज शुक्रवार होता.

शालिकरामने पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्हचा लाल दिवा लागला, आतून कर्र... कर्र... आवाज आला, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. ए ड्राइव्ह वाचता येत नाही. खाली प्रश्न: अबॉर्ट, रिट्राय, फेल?

"काय म्हणते?" सचिव रघुनाथराव चष्मा सावरत आले.

"विचारून राहिलं, काम सोडू, पुन्हा पाहू, का हरलो म्हणून सांगू," मी म्हटलं.

"पुन्हा पाहा म्हणावं."

शालिकरामने रिट्रायचा आर दाबला. कर्र... कर्र... तोच प्रश्न. दुसरी फ्लॉपी घातली. तोच प्रश्न. त्याने वायरी काढून लावल्या, आतलं कार्ड दाबून बसवलं, पुन्हा चालू केलं. दुपार झाली, तरी तो आर दाबतच होता.

"कंटाळा नाही येत तुमाले?" मी विचारलं.

"मी फेल नाही दाबत जी. सवयच नाही."

हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पण कान लाल झाले होते.

केसरबाईंनी चहा आणला. केसरबाई आमच्या ऑफिसच्या झाडलोटीपासून रागावण्यापर्यंत सगळं करणाऱ्या. "आल्यापासून नुसता पडद्याकडे पाहून राहिला," त्या म्हणाल्या. "खाल्लं का काही? विजू, डबा उघड तुझा."

डबा एकच होता. भाकरी, वांग्याची भाजी. अर्धी भाकरी त्याच्याकडे सरकवताना मी नकळत गुणगुणत होते. आदल्या संध्याकाळी आमच्या मंदिरात कीर्तन होतं. बुवांचा आवाज अजून कानांतून गेला नव्हता. माझं असंच आहे. कीर्तन ऐकलं की दोन दिवस पोळ्याही तालात लाटल्या जातात.

"वरचा सूर जरा चढून राहिला," शालिकराम भाकरी मोडत म्हणाला.

मी गुणगुणणं थांबवलं. "तुमाले काय समजते त्यातलं?"

"मामा कीर्तन करतात. मी पेटीवर असतो. मामा म्हणतात, बुवा भरकटले तरी पेटीवाल्यानं सूर धरून राहावा."

"आणि पेटीवालाच भरकटला मग?"

"तसं कधी झालं नव्हतं..." तो म्हणाला. "आजपर्यंत."

केसरबाईंनी कप गोळा केले, जरा जास्तच आवाज करत.

जेवण झाल्यावर त्याचा चेहरा उतरला. "ड्राइव्हच गेलेला दिसते," तो हळूच म्हणाला. "नवीन नागपूरहून आणावा लागेल, उद्यापर्यंत होणार नाही. मी आता तसंच लिहून देतो."

त्याने बाहेर काढून ठेवलेली फ्लॉपी मी उगाच उचलली आणि खिडकीजवळ धरली. फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाला लांबट झरोका असतो, त्यातून आतली तपकिरी चकती दिसते. त्या चकतीवर बारीक लाल रेघ होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

"शालिकरामजी... हे तर कुंकू आहे."

"कुंकू? ही फ्लॉपी मी काल नवीन फोडली."

"फ्लॉपी नवीन आहे. मशीन तर दसऱ्याआधीपासून इथं आहे ना!"

मग मला सगळं उमगलं. दसऱ्याला मी सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी केसरबाईंनी कौतुकाने सांगितलं होतं की काट्याची, वजनांची, तिजोरीची पूजा झाली, आणि यंदा कॉम्प्युटरचीही. रघुनाथराव दरवर्षी सोसायटीच्या प्रत्येक अवजाराला स्वतः ओलं कुंकू लावतात. मशीनसोबत आलेल्या फ्लॉपीलाही लावलं, नेमकं त्या झरोक्यात. आणि मुहूर्त म्हणून ती तशीच आत घातली! लाल दिवा लागला, नारळ फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे वाचणाऱ्या टोकाले कुंकू लागलं," शालिकराम उठून उभा राहिला. "अन मी घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीले त्यानं टिळा लावला!"

आम्ही इतके हसलो, की रघुनाथराव आतून आले. सांगावं कसं? शालिकराम माझ्याकडे पाहू लागला. मीच सांगितलं, "साहेब, पूजा पावली. पण ह्या मशीनची पूजा बाहेरून करायची राहते."

रघुनाथराव क्षणभर गोरेमोरे झाले. मग म्हणाले, "तिजोरीले कधी काही झालं नाही बुवा," आणि खुर्ची ओढून समोरच बसले.

समोरच्या दवाखान्यातून मी स्पिरिट आणलं. कापसाला पांढुर्ण्यात काय तोटा! शालिकरामने ड्राइव्ह उघडला, काडीला कापूस गुंडाळला आणि आतलं बारीक टोक पुसलं. कापूस गुलाबी झाला. पुन्हा पुसलं, फिका झाला. तो बोळा मी केरात टाकला नाही. मागच्या तुळशीच्या मुळाशी ठेवून आले. परतले, तर तो हातातलं काम थांबवून माझी वाट पाहत होता.

"आता हा शेवटचा संच," तो म्हणाला. "बाकीच्या सगळ्या खरडल्या गेल्या. तुम्ही घाला."

"मी?"

"मशीन तुमचं आहे."

मी मनात मारुतीचं नाव घेतलं आणि फ्लॉपी सरकवली. दिवा लागला. कर्र... आणि मग आवाज बदलला, भोवरा फिरावा तसा सरळ. पहिली, दुसरी, तिसरी. शेवटी पडद्यावर फक्त एक हिरवा ठिपका उरला, आज्ञेची वाट पाहणारा. मी सावरगावच्या कवडू बागायतदाराचं नाव, झाडं, माल सगळं घातलं. बंद करून पुन्हा उघडलं. कवडू जागेवरच होता!

रघुनाथराव म्हणाले, "उद्या कमिटीपुढे तूच चालवून दाखव, पोरी. आणि आता तात्पुरती म्हणू नको स्वतःला."

संध्याकाळी तो मला बस स्टँडपर्यंत पोचवायला आला. त्याची गाडी नंतर होती.

"एक सांगू?" तो म्हणाला. "दुपारी ड्राइव्ह गेला म्हटलं, तेव्हा थोडं बरंही वाटलं मले. नवीन ड्राइव्ह घेऊन पुन्हा येता आलं असतं."

"मग तुमचा चेहरा कायले उतरला?"

"मशीन गेलं का तुम्ही पण घरी, हे रघुनाथराव बोलले होते. म्हणजे मी ड्राइव्ह घेऊन आलो असतो, आणि त्या खुर्चीवर..." तो थांबला.

"खुर्चीवर मी नसते," मी म्हटलं.

"हो." तो रस्त्याकडे पाहत राहिला. "आता तुम्ही आहात, तर मशीन चालून राहिलं. मले यायले कामच नाही उरलं."

बस लागली. लोक चढू लागले. मी पिशवी सावरली.

"सौंसरला बाजार चौकात विठोबा मास्तरांचं घर विचारा. कोणीही दाखवते. बाबा रविवारी घरीच असतात."

"त्यांनी विचारलं, कायले आला, तर?"

"ते तुम्ही सांगा."

"आणि पोरीच्या मनात काय आहे, असं विचारलं तर?"

कंडक्टरने घंटी वाजवली. मी पायरीवर चढले, वळले.

"म्हणा... पोरीनंच पत्ता दिला."