तमपटलाला हळदकुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या अंगणात साठ हेल्मेटं झेंडूच्या माळा घालून उन्हात बसली होती. ती पाहून शेवंता लोहारचं डोकंच फिरलं. वेल्डिंगमध्ये तिची बावीस वर्षं गेली होती. खंडेनवमीला अवजारं पुजायची हे ठीकच, पण मॅनेजर निंबकरसाहेबांना मुख्य कचेरीला पाठवायला चित्रफीत हवी होती, म्हणून पूजा उघड्यावर मांडली. नंतर उचलायचं कुणाला सुचलं नाही. देव अक्कल वाटत होता तेव्हा साहेब बहुधा कॅमेऱ्यासमोर उभे असावेत, असं तिचं मत होतं.

हेल्मेटच्या काचेवर तमपटल होतं. सात वर्षांपूर्वी आलेल्या झोत-वेल्डिंगचा लखलखाट झाला की सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात काळा होणारा आणि तो विझताच पुन्हा निवळणारा रासायनिक पापुद्रा. पण तो उन्हानंही काळा होतो, आणि दर वेळी काळं होताना त्यातलं थोडं रसायन मरतं, म्हणून काम नसताना तो बंद पेटीत ठेवायचा. तीन दिवसांच्या उन्हानं त्याचं सगळं आयुष्य खाल्लं होतं.

"साहेब, ही समदी बाद झाली. नवीन पापुद्रं येईस्तोवर झोत लावायचा न्हाई."

"काच बघा की बाई, कशी चकचकीत आहे!"

"तेच तर! एवढ्या उन्हात काळी व्हायला पायजे ती. थकलेला पापुद्राच असा नितळ दिसतो."

"मी केमिस्ट्रीचा पदवीधर आहे," साहेब म्हणाले. बिचाऱ्या केमिस्ट्रीनं याची तक्रार कुठं करायची, ते शेवंताला कळेना. साहेबांनी एक हेल्मेट उचलून तिचा जोडीदार युसूफ अत्तार याच्या हातात दिलं. "चला अत्तार, लागा कामाला. हळदकुंकू लागलंय, आता काय होतंय?"

युसूफ भिडस्त माणूस. तो मुकाट्यानं हेल्मेट घालू लागला. शेवंतानं ते हिसकावून घेतलं.

"दे हिकडं. साहेबांस्नी दावतेच."

हेल्मेट घालून ती झोताच्या बंद खोलीत शिरली. तिला भीती नव्हती. जुन्या काळी ठिणगीच्या आधी डोळा आपोआप मिटायचा, तीच तिची खरी विद्या. नवे वेल्डर डोळे सताड उघडे ठेवून झोत लावतात, म्हणून ती त्यांना येता-जाता हिणवायची. आता काच काळी होणार नाही, पण तिचे डोळे वेळीच मिटतील, तिचा उजळलेला चेहरा साहेबांना बाहेरून खोलीच्या गडद खिडकीतून दिसेल, आणि त्यांची पदवी उघडी पडेल.

झोत लागला. काच नितळच राहिली. साहेबांनी ते खिडकीतून पाहिलं.

शेवंतानं बाहेर येऊन हेल्मेट काढलं. नजरेच्या मधोमध एक पांढरा डाग होता, तो जाईना. युसूफ कुठं उभा आहे ते तिला आवाजावरून कळलं.

"डोळं झाकलं न्हाईस व्हय, आक्का?"

झाकले होते, असं ती म्हणणार होती. पण झोत तिला शेवटपर्यंत दिसला होता. सात वर्षं पापुद्रा तिच्या पापणीचं काम करत होता, आणि पापणी आपलं काम विसरून गेली होती. साहेबांचा तिला राग आलाच, पण स्वतःची शिसारी जास्त आली.

"युसूफ," ती हळूच म्हणाली, "आपल्यातल्या एकाचा तरी डोळा अजून आपणहून मिटतो का रं?"