अंगठ्याचा खड्डा

सिस्टरबाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, त्यांची शिस्त मात्र अजून ड्यूटीवरच होती. धाकट्या भावाचं हृदय थकलं, पायांत पाणी साचलं, तेव्हा त्यांनी त्याला हॉस्पिटलातून सरळ आपल्या घरी आणलं. हा पुन्हा तिथे जायचा नाही, असा चंगच त्यांनी बांधला होता.

सकाळी लघवीला जाऊन आला की न्याहारीआधी वजन, रोज त्याच लेंग्यात. मग पाणी उतरवणारी गोळी. नंतर सुजलेल्या नडगीवर अंगठा रोवून पाच आकडे मोजायचे आणि राहिलेला खड्डा किती वेळात भरतो ते वहीत टिपायचं.

"ताई, मी काय कणीक आहे?"

"कणीक बरी. ती इतकं बोलत नाही."

चौथ्या दिवशी त्या आंघोळीहून आल्या, तर नडगीवर आधीच एक खड्डा होता. खोल, ताजा, त्यांच्या अंगठ्यापेक्षा अरुंद.

"तू दाबलंस?"

"मी कशाला? तूच आत्ता दाबून गेलीस. हात काय गार होता तुझा."

घरात दोघंच होती. दाराला आतून कडी होती. बाईंनी ती दोनदा पाहिली.

गोळी काम करत होती. वजन रोज अर्धा किलो उतरत होतं, डॉक्टर खूश होते. पण त्या जरा खोलीबाहेर गेल्या की नवा खड्डा दिसे. आज गुडघ्याखाली, उद्या मांडीवर. बाईंना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. त्यांनी आपली खुर्ची कॉटला लावली आणि जेवणही तिथेच सुरू केलं.

दहाव्या दिवशी सूज पार ओसरली. बाईंनी अंगठा रोवला, काहीच उमटलं नाही. जिंकलो आपण, असं त्यांना वाटलं.

दुपारी तो झोपला होता. अंग पुसायला म्हणून त्यांनी सदऱ्याची बटणं काढली.

छातीच्या मधोमध, हाडावर, खड्डा होता.

त्यांनी पाच मोजले. पन्नास मोजले. तो भरेना. भावाचा श्वास तुटक येऊ लागला.

बाईंनी आपला तळहात त्यावर घट्ट दाबून धरला.

"नाही देणार," त्या म्हणाल्या.

कोणीतरी त्यांची करंगळी हळूच उचलली. पेशंटची मूठ सोडवताना त्या स्वतः उचलायच्या तशी, न दुखवता.

मग शेजारचं बोट.