आठ इंच की सात?

वडील एका घरी खिडक्यांचे माप घ्यायला गेले होते, म्हणून त्या दिवशी काचेच्या दुकानात ती एकटी होती. नाहीतर तंत्रशाळेत लेथ शिकवणारे मास्तर तिला भेटलेच नसते.

"दीड इंच जाडीची काच हवी. आठ इंच व्यासाची गोल चकती."

"एवढ्या जाड काचेत मगर पाळताय?"

"दुर्बिणीचा आरसा करायचाय," ते गंभीरपणे म्हणाले. "व्यासाच्या सहाव्या हिश्श्याएवढी तरी जाडी हवी. नाहीतर काच स्वतःच्याच वजनाने वाकते."

काच वाकते? या धंद्यात वाढलेली ती अवाक झाली.

मग मास्तर येतच राहिले. साधी काच घ्यावी की उष्णता सोसणारी, एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी दोन महिने काढले. दुसरी काच गारठ्यात आकार बदलत नाही, हे त्यांनी तिला तीनदा सांगितले आणि तिने ते तिन्ही वेळा नव्याने ऐकले.

"मास्तरांना काच घ्यायचीय की दुकान?" वडील पुटपुटले. तिने मान वर केली नाही.

अखेर काच आली. वडील कटाईच्या यंत्राशी उभे राहिले, आणि मास्तर म्हणाले, "सात इंचांचीच कापू या का?"

ती थक्क झाली. "पाव हिस्सा प्रकाश जाईल. तुम्हीच शिकवलंत."

"जाईल. पण नळी व्यासाच्या आठपट लांब धरलीय, म्हणजे आठ इंचांना चौसष्ट इंच. डोळा लावायचा तो वरच्या टोकाशी. मला ठीक आहे, पण... बघणारी व्यक्ती तेवढी उंच नाही."

व्यक्ती.

"स्टूल द्या त्यांना," ती कोरडेपणाने म्हणाली.

"तोल सांभाळत चंद्र बघायचा? त्यांचे डोळे छप्पन्न इंचांवर येतात."

"मोजलेत वाटतं."

"मोजले. त्या नेहमी भिंतीवरच्या मापपट्टीपुढे उभ्या असतात... आत्ताही आहेत."

तिने वळून पाहिले. डोळ्यांच्या रेषेत आकडा होता — छप्पन्न. तिचे कान तापले. वडिलांना अकारण खोकला आला.

"आधी विचारायला हवं होतं," मास्तरांचा आवाज खाली गेला. "तुमचा होकार असेल तर सात कापायला सांगा. नसेल, तर आठ."

तिने पुन्हा एकदा मापपट्टीकडे पाहिले.

"बाबा," ती म्हणाली, "आठ कापा."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते दाराकडे वळले, तोच ती म्हणाली, "थांबा तरी. प्रकाश का घालवायचा? आठच ठेवू, पण आरसा जास्त खोलगट घासू. सातपट धरलं की नळी छप्पन्नच होते."

मास्तर दारातून परत आले.

"पण... घासकाम वाढेल," ते अडखळले. "आकार साधणंही अवघड जाईल. एकट्या माणसाचं काम नाही ते."

"एकट्याने करा असं कोण म्हणतंय?"