टँकवर ये

विश्वास ठेवा, नका ठेवू. यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. माझ्या वहिनीने, नोरीनने, मला समोर बसवून सांगितलंय.

ऑस्ट्रेलियात, कोबार गावाच्या पश्चिमेला आमचं मेंढ्यांचं रान. फेब्रुवारी १९८३, म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा. पावसाचं नाव नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी गाडीतल्या वायरलेसवरून तिला हाक मारली होती. "पोरी, मेंढी रुतलीय. दोर घेऊन टँकवर ये."

नोरीन समुद्रकाठची, लग्न होऊन जेमतेम महिना झालेला. तिच्या माहेरी टँक म्हणजे पत्र्याची टाकी. घरामागच्या टाकीपाशी ती दोर घेऊन दोन तास उभी राहिली.

"अगं बाई, इकडे खणलेल्या तळ्याला टँक म्हणतात!" माझा भाऊ क्लेम संध्याकाळी ओरडला.

वडील एकटेच गाळात उतरले होते. कमरेपर्यंत रुतलेले सापडले. उन्हाने गेले होते.

तर १९८३ च्या त्या दिवशी... क्लेम चारा आणायला गावात गेला होता. सकाळपासून गाळातून सात मेंढ्या ओढून नोरीनचे तळवे सोलले होते. दुपारी चारला ती स्वयंपाकघरात नुसती बसून होती. चहा टाकायचंही त्राण नव्हतं.

वायरलेस खरखरला...

"पोरी, टँकवर ये."

आवाज वडिलांचा होता.

ती उठली. का उठली, ते तिला आजही सांगता येत नाही. या वेळी दोर घेऊन थेट तळ्यावर गेली.

एक माशी नव्हती. कावळेसुद्धा गप्प.

मधोमध मेंढी रुतली होती. नोरीनने फास टाकला, ओढलं... आणि मेंढी अलगद वर आली. खालून कोणीतरी ढकलल्यासारखी.

काठाशी येताच ती फासातून निसटली, पळाली; रिकामा फास मागे गाळात पडला. नोरीन दोर गुंडाळायला लागली...

दोर येईना.

पलीकडचं टोक गाळात घट्ट धरलेलं होतं.

"आता मला काढ."

"ओरडायला, पळायला अंगात काही उरलं तर पाहिजे ना रे!" ती मला म्हणाली.

तिने दोर खाली ठेवला.

"उद्या येते, बाबा. आज हातात जोर नाही."



मग दोर हळूच सैल झाला.

"बरं, पोरी."

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. नंतरही कधी गेली नाही.

मला हे कळून नऊ वर्षं झाली. माझेच वडील ते.

मीही अजून गेलेलो नाही.