खिडकीतली जेसी

दार फुगलं होतं. आदल्या रात्रभर पाऊस लागून राहिलेला, आणि बागेच्या उंच भिंतीतलं ते बुटकं लाकडी दार काही केल्या हलेना. आयल्साने पिशवी खाली ठेवली, खांदा लावला, जोर केला…

"बाहेरून कोण ढकलतंय?" आतून आवाज आला.

"मी! आतून कोण ढकलतंय?"

मग कोणीतरी हसलं, बाजूला झालं, आणि आयल्सा दाराबरोबर थेट आत कोलमडली. कोपर धरून सावरणाऱ्या तरुणाचे केस पावसाने कपाळाला चिकटले होते. त्याच्या टोपलीतले पेअर गवतावर गडगडत चालले होते.

"हे दार आत उघडतं, हे मी दर वेळी विसरतो," तो म्हणाला. "मी फर्गस. भिंत आमचीच."

"मी आयल्सा. भिंतीचे दगड तपासायला आलेय. पडलेला भाग बांधायचाय ना? जुन्याशी जुळेल असा दगड शोधून द्यायचाय."

"तपासा. फक्त फार जवळून बघू नका, लाजते ती."

भिंत लाजली की नाही कोण जाणे. आयल्साचे कान मात्र गरम झाले.

बागेतून घर पूर्ण दिसायचं. मधोमध खांबांचं दार, दोन्ही अंगांना सारख्याच खिडक्या, वर पुन्हा तशाच… जणू बांधणाऱ्याने घर मध्यावर दुमडून, कडेला कड जुळवून पाहिली असावी. आणि वरच्या डावीकडच्या खिडकीत एक बाई उभी होती. निळा पोशाख, एक हात पडद्यावर, नजर बागेकडे. आयल्साने मान लववून नमस्कार केला. बाईने ढुंकूनही पाहिलं नाही.

"ती… वरच्या खिडकीत?"

"जेसी होय!" फर्गसने मागे वळूनही बघितलं नाही. "ती असतेच तिथे. माझ्यावर लक्ष ठेवायला."

असं आहे तर, आयल्सा मनाशी म्हणाली, आणि भिंगातून दगडाकडे पाहू लागली.

दगड साधा नव्हता. फिकट गुलाबी, त्यात गंजाच्या रेघा. ओला केला की कण स्पष्ट दिसायचे, म्हणून फर्गस रोज चहाच्या कपातून पाणी आणायचा. पाऊस आला की छत्री धरायचा, दगडावर नव्हे, तिच्यावर. मग दगड भिजायचा, तिला हवा तसा, आणि ती कोरडी राहायची. पाठीमागच्या दुसऱ्या, विटांच्या भिंतीवर पेअरच्या फांद्या हात पसरल्यासारख्या बांधलेल्या होत्या. त्यांच्या आडोशाला दोघं उभी राहिली की त्याच्या लोकरीच्या कोटाचा ओला वास यायचा… आणि आयल्सा हळूच एक पाऊल दूर सरकायची.

"आत या ना चहाला," तो रोज म्हणायचा.

"नको. जेसीला आवडायचं नाही."

"जेसी? ती चकार शब्द काढायची नाही. तिला सवय आहे सगळ्याची."

"बिचारी!"

"बिचारी कसली? सगळ्या घरात उबदार जागा तिचीच आहे."

कसला माणूस हा! बायको काचेआडून बघतेय आणि हा खुशाल… पण राग टिकायचा नाही. घरी परतताना बसमध्ये त्याचंच हसू आठवायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

शेवटच्या दिवशी उत्तर सापडलं. तोच दगड त्यांच्याच शेताच्या टोकाला, ओढ्याच्या काठी होता. फर्गसने आनंदाने टाळी वाजवली. आयल्साला टाळी वाजवता येईना. काम संपलं. सोमवारपासून दुसरं काम, उत्तरेकडच्या बेटांवर. मनातलं न सांगताच निघून जाणं बरं. सांगायचं तरी काय? आणि कोणाच्या नवऱ्याला?

तिने पिशवी भरली. निरोप घ्यायला घरासमोर आली आणि थबकली.

फर्गस शिडीवर चढला होता. बादली आकड्याला टांगलेली. ओल्या फडक्याने तो जेसीचा गाल पुसत होता… अगदी हलक्या हाताने. आयल्सा मान वळवणार होती. पण बाईने डोळासुद्धा मिटला नाही. फडकं तर थेट बुबुळावरून फिरलं! आणि इतक्या जवळून आता स्वच्छ दिसलं: जेसीच्या कपाळावरून, या कानापासून त्या कानापर्यंत, दोन दगडांमधला सरळ सांधा गेला होता.

"फर्गस! ती… रंगवलेली आहे?"

"मग?" तो शिडीवरून वाकला. "खिडकी खोटीच आहे. मागून स्वयंपाकघराचं धुराडं जातं. पण दुसऱ्या बाजूला खिडकी आहे, तर इकडेही हवीच ना? माझ्या पणजोबांनी रंगवली. गावात सगळ्यांना…" तो बोलता बोलता थांबला. "तुम्हाला काय वाटलं?"

आयल्सा पायरीवर बसली आणि हसत सुटली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, छातीवरचा धोंडा उतरला.

"मला वाटलं… तुमची बायको."

फर्गस शिडी उतरला नाही, जवळजवळ घसरला. "म्हणून चहा नको होता? आणि मी समजत होतो, मीच नकोय!"

"रोज नमस्कार करत होते मी तिला! एवढी शिष्ट कशी, म्हणून चिडायचे."

"आणि मी चिडायचो त्या दगडावर. तू त्याच्याकडे इतकं बघायचीस…"

'तू' कधी आलं, दोघांनाही कळलं नाही. झिमझिम सुरू झाली होती. छत्री कोणी उघडली नाही.

"बेटांवर जायचंय मला," ती हळूच म्हणाली.

"बोट परत येते ना?"

"येते."

"मग मी धक्क्यावर असेन." त्याचा ओला हात तिच्या हातावर आला. या वेळी ती सरकली नाही. "आता तरी चहा?"

ती उठून समोरच्या खांबांच्या दाराकडे निघाली.

"अगं, तिकडून नाही! ते दार आम्ही उघडत नाही. पाद्रीबाबा आले तर, नाहीतर नवरी घरात येताना…" आणि त्याची जीभ अडखळली. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

आयल्साने दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मग आज मागच्या दाराने चालेल," ती म्हणाली.

"आज?"

"आज."