जाळीवाल्याची हरकत

बाटली समुद्रात पडली तेव्हा तिच्या तोंडून जो शब्द गेला, तो सरकारी नोकरीतल्या मुलीला अजिबात शोभणारा नव्हता.

पाण्याचा नमुना घ्यायची ती बाटली दोरीतून निसटली आणि डुलत डुलत धक्क्यापासून लांब निघाली. ती गुडघ्यांवर बसून नुसती बघत राहिली. तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक लांब दांडा पुढे आला. टोकाला जाळीची झोळी होती. बाटली अलगद वर आली.

"गाठ कुणी मारली होती?" मागून आवाज आला.

"मी."

"तरीच!"

तिने वळून पाहिलं. रापलेला चेहरा, ओठ गंभीर, डोळे मात्र हसणारे. राग यायला हवा होता... आला नाही.

"पाण्यात काय शोधता?"

"समुद्राची तब्येत बघतेय."

"मग? कशी आहे?"

"बरी नाही."

"पेशंटला सांगितलंत का?"

ती खुदकन हसली, आणि तिथेच सगळी गडबड झाली.

धक्क्यावर त्याचं जाळ्यांचं दुकान होतं, वडिलांच्या वेळेपासूनचं. सगळे त्याला जाळीवालाच म्हणत. ती नमुने घ्यायला दर आठवड्याला येई. तो दोन कप चहा घेऊन हजर असे. "एक चुकून जास्त आला," असं दर वेळी तोंड वर करून सांगे. खारा वारा तिचे केस तोंडावर आणी. ते तिने मागे सारले की तो भलतीकडे बघायचा. नेमका तेव्हाच.

एकदा तिने सहज विचारलं, "दुकानात सगळ्यात जास्त काय खपतं?"

"बारीक विणीची जाळी. अर्धं दुकान त्याच्यावरच चालतं."

चहा तिच्या घशात अडकला. कारण समुद्र वाचवायच्या ज्या धोरणाचा मसुदा ती दोन वर्षं लिहीत होती, त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. खाडीच्या तोंडाशी मासे अंडी घालतात, तिथे मासेमारी बंद. आणि बारीक विणीची जाळी विकायलाही बंदी, कारण त्यांतून माशांची पिल्लंसुद्धा सुटत नाहीत. मसुदा जाहीर व्हायचा होता. तिला बोलायची मुभा नव्हती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही... गरम होता."

मसुदा जाहीर झाला आणि बंदराच्या सभागृहात सुनावणी ठेवली गेली. मंचावर तिच्या मोठ्या बाई, म्हणजे खात्याच्या प्रमुख, आणि शेजारी ती, टिपणं घ्यायला. तो तिसऱ्या रांगेतून उठला. तिला पाहून क्षणभर थबकला, मग माइक हातात घेतला.

"पिल्लं पकडून कुणाचंच भलं होणार नाही, हे मला कळतं," तो म्हणाला. "बंदी घाला. पण एका रात्रीत नको. ज्यांनी नुकतीच जाळी घेतली, त्यांना बदलायला एक हंगाम द्या. आणि जुनी जाळी सरकारने परत घ्यावीत. एवढीच हरकत आहे."

तिला ते पटलं, अगदी मनापासून पटलं. आणि लगेच ती चरकली. मुद्दा रास्त होता म्हणून पटला, की तो बोलत होता म्हणून? तिने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. "बाई, ही फाइल माझ्याकडून काढून घ्या."

"दोन वर्षं रक्त आटवलंस आणि आता?"

"जाळीवाल्याची हरकत मला पटते."

"त्यात काय? मलाही थोडी पटते."

"तुम्हाला का पटते, ते तुम्हाला माहीत आहे. मला का पटते... ते मला सांगता येत नाहीये."

बाईंनी चष्मा काढला. "अगं बाई! त्याला माहीत आहे?"

"नाही. आधी तुम्हाला सांगतेय."

"प्रेमाची कबुली योग्य मार्गे सादर करणारी तू पहिलीच!" बाई हसल्या, पण फाइल त्यांनी ओढून घेतली. तिच्याकडे किनाऱ्यावरच्या प्लास्टिकचं काम आलं. दोन वर्षांचं काम सोडलं म्हणून घरी आई दोन दिवस बोलली नाही. धक्क्यावर जायचं तिने स्वतःहूनच बंद केलं.

निर्णय आला. खाडीचं तोंड बंद, बारीक जाळ्यांना बंदी, बदलायला एक हंगाम. जुनी जाळी परत घ्यायची मागणी मात्र फेटाळली गेली.

त्याच संध्याकाळी ती दुकानात गेली. तो मांडणीवरून जाळी उतरवत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"लोक म्हणतात, तू फाइल सोडलीस. दबाव आला म्हणे." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, तेही रागात.

"आला ना."

"कुणाचा?"

"तुझा."

"माझा? मी तर तुझ्याशी एक अक्षर बोललो नाही!"

"न बोलताच एवढा आला. बोलला असतास तर काय झालं असतं?"

त्याचे हात थांबले. हसू आवरेना, आणि रागही टाकवेना.

"माझं अर्धं दुकान गेलं," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे. फाइल माझ्याकडे असती तरी बंदी मी घातलीच असती. खोटं नाही सांगणार."

"तरीही आलीस?"

"तरीही आले. राहवेना."

त्याने मांडणीवरचं शेवटचं जाळं खाली ओढलं. मग जाळ्याचं एक टोक त्याने तिच्यासमोर धरलं. "धर. एकट्याने घडी नीट पडत नाही."

दोघं दोन टोकांना उभी राहिली. एक घडी झाली, ती दोन पावलं पुढे आली. दुसरी झाली, तो पुढे आला. शेवटच्या घडीला बोटं बोटांना लागली.

"सोड आता," ती पुटपुटली.

"काय सोडू?"

"...जाळं."

त्याने जाळं सोडलं. फक्त जाळं.